किनाऱ्यावर न सांगायच्या खुणा

वडिलांनी जाण्याआधी मला दोन गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. एक, अंत्यविधीनंतरच्या चहाला दुकानातला केक ठेवायचा नाही. दुसरी, त्यांची राख त्यांच्या मासेमारीच्या जागेवर सोडायची. "इतकी वर्षं मी त्यांना खाल्लं," ते म्हणाले होते, "आता त्यांची पाळी."

पहिली गोष्ट सोपी होती. दुसरीत अडचण अशी होती, की ती जागा कुठे आहे हे मला ठाऊक नव्हतं. त्या जागेची अर्धी माहिती वॉटी पॉटिंजरकडे होती. उरलेली अर्धी राख होऊन माझ्याबरोबर बोटीच्या केबिनमध्ये, पुठ्ठ्याच्या एका नळकांड्यातून, अॅबर्डीनहून घरी आली होती.

हे नीट सांगायला हवं. पाण्यावर खूण करता येत नाही, म्हणून समुद्रातली जागा जमिनीवरच्या खुणांवरून धरतात. एका बाजूला एखादं घर एखाद्या टेकाडाच्या रेषेत आलं, की झाली एक रेघ. दुसऱ्या बाजूला तसंच काही जुळलं, की दुसरी. दोन्ही रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे गळ टाकायचा. स्कॉटलंडच्या उत्तरेला, आमच्या शेटलंड बेटांवर बाकी सगळे कोळी दोन्ही खुणा एकाच डोक्यात ठेवतात. आमच्या हामारवो गावात मात्र माउट आणि पॉटिंजर या दोन घरांनी एक जागा वाटून घेतली होती. एक खूण आमची, एक त्यांची. ही वाटणी कोणी केली ते कोणाला माहीत नाही, पण ती कधी मोडली नव्हती. आपली खूण दुसऱ्याला सांगायची नाही आणि दुसऱ्याच्या खुणेकडे बघायचं नाही. त्यामुळे दोन घरांत भांडण झालं की दोन्ही घरांत नुसते बटाटे शिजत. भांडण फार दिवस टिकत नसे.

वडील गेले आणि आमची खूण त्यांच्याबरोबर गेली.

मी मुलगी, तीही एकुलती एक, आणि अॅबर्डीनच्या एका ग्रंथालयात नोकरी करणारी. लहानपणी ते मला होडीतून न्यायचे. पण होडीत गेलं की काही शब्द चालत नाहीत. चर्च म्हणायचं नाही, पाद्री म्हणायचं नाही, मांजर नाही, सुरी नाही. त्यांच्याऐवजी वेगळे शब्द, पूर्वजांनी नॉर्वेहून येताना आणलेले. जमिनीवरचं आमचं बोलणं स्कॉट लोकांनी येऊन हळूहळू बदलून टाकलं. होडीत मात्र ते कधी चढले नाहीत, म्हणून ते शब्द तिथे वाचले. बारा वर्षांची असताना मी एक पेन्सिल घेऊन होडीत बसले आणि ऐकलेले शब्द लिहून काढू लागले. त्या दिवशी एकही मासा लागला नाही. "शब्द पेन्सिलीत शिरले की परत येत नाहीत," वडील म्हणाले. पुढे त्यांनी मला नेलं नाही. मी ते शब्द मग पुस्तकांतून वाचले, जाडजूड, तळटीपा असलेल्या पुस्तकांतून, आणि त्यातला एकही शब्द त्यांनी जमिनीवर माझ्याशी कधी उच्चारला नाही.

तर सप्टेंबरचा शेवट होता. वादळं सुरू झाली की होडी मार्चपर्यंत उलटी पडून राहते. वारा दोन दिवस पडलेला राहील असा अंदाज होता आणि मला रविवारच्या बोटीने परत जायचं होतं.

टोरलाइव अंत्यविधीला आला होता तो अजून गेला नव्हता. तो नॉर्वेचा, सोगनच्या बाजूचा, निवृत्त बोट-मेकॅनिक. तरुणपणी एकदा वाऱ्यात सापडून त्याने आमच्या खाडीत आसरा घेतला, आणि तेव्हापासून दर उन्हाळ्यात येत असे. तो नॉर्वेजियन बोलायचा, वडील आमचं बोलायचे, आणि दोघेही म्हणायचे की समोरच्याचं सगळं कळतं. "निम्मं कळतं," वडिलांनी मला एकदा सांगितलं, "आणि उरलेलं तो काय बोलणार ते मला आधीच माहीत असतं." टोरलाइवचं म्हणणं वेगळं होतं. त्याच्या मते शेटलंडचं बोलणं म्हणजे त्याची पणजी तोंडात स्कॉटिश पाइप धरून बोलते आहे.

टोरलाइवला रिकामं बसवत नाही. छपराची गळती, परसाचं फाटक, सगळं दुरुस्त करून झाल्यावर तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"अजून काय?"

मी खिडकीतून बाहेर बघितलं. आमच्या उताराच्या टोकाला कोंबड्यांचं जुनं खुराडं होतं. आई गेल्यापासून त्यात कोंबडी नव्हती. लाकूड सडलेलं, तरी वडील दर वसंतात त्याला लाल रंग द्यायचे. तोही सगळीकडे नाही. समुद्राकडची एकच भिंत, बाकीच्या तीन राखाडी. गावाने यावर पुष्कळ चर्चा केली होती. कोणी म्हणे गिब्बी माउट कंजूष आहे, कोणी म्हणे आळशी आहे, आणि वॉटी म्हणे की तीन भिंतींपर्यंत त्याला दम पुरत नाही. वडील म्हणायचे, "ज्याला बाकीच्या बघायच्या आहेत त्याने स्वतः रंगवाव्यात."

"ते खुराडं मोडून टाक," मी म्हणाले. "पडायलाच आलंय."

टोरलाइव पहार घेऊन खूश होऊन गेला.

दुपारी सगळे आमच्या स्वयंपाकघरात जमले. धुरावर वाळवलेल्या मटणाचं सूप होतं, बटाटे होते, आणि टोरलाइवने आणलेलं तपकिरी चीज होतं, ज्याला वॉटी साबण म्हणतो. चौथी होती आमची पाद्री, एल्स्पेथ केर्न्स. ग्लासगोची, येऊन वर्ष झालेलं, मोठ्याने हसणारी. वडिलांच्या शेवटच्या महिन्यात ती रोज येऊन त्यांच्याशी पत्ते खेळत असे आणि हरत असे. आमच्याकडे मोठ्यांना आणि परक्यांना 'तुम्ही' म्हणतात, जवळच्यांना 'तू'. ग्लासगोत असला भेद उरलेला नाही. वर्षभर सगळं गाव तिला 'तुम्ही' म्हणत होतं आणि तिला वाटत होतं की हा आदर आहे.

"मी पण येणार," एल्स्पेथ म्हणाली. "गिब्बींना मी शब्द दिलाय."

वॉटीने सूपातला बटाटा चमच्याने फोडला. सत्तरी ओलांडलेला, गोठ्याच्या दारासारखा रुंद माणूस. "तुम्ही किनाऱ्यावरून प्रार्थना केलीत तरी देवाला ऐकू जाईल. त्याचे कान बरे आहेत अजून."

"आणि होडीतून केली तर?"

"तर माशांना ऐकू जाईल."

"त्यात वाईट काय?"

"होडीत पाद्री म्हणजे वाईट. यात तुमचा काही दोष नाही. माझ्या आजोबांच्या आधीपासून वाईट."

"बाई पाद्री पण?"

वॉटी थांबला. "आजोबांनी त्याचा विचार केला नसावा."

"मग झालं तर," टोरलाइव म्हणाला. "नियम बाप्यांचा आहे. बाईला लागू नाही."

"तू गप रे. तुम्हा नॉर्वेवाल्यांना सगळ्यातून पळवाट काढता येते. तुमच्या राजाने पोरीच्या हुंड्यापायी आम्हाला स्कॉटलंडकडे गहाण टाकलं आणि सोडवायला आलाच नाही."

"साडेपाचशे वर्षं झाली, वॉटी."

"आम्ही वाट बघतोय. घाई नाही."

मी विषय मुद्द्यावर आणला. "वॉटी, तुमची खूण तुम्हाला माहीत आहे. आमची मला माहीत नाही. तर जायचं कसं?"

"ते यंत्र असतं ना," एल्स्पेथ म्हणाली, "फोनमध्ये पण असतं. कुठे आहोत ते सांगतं."

"कुठे आहोत ते मला माहीतच असतं," वॉटी म्हणाला. "मासे कुठे आहेत ते त्याला माहीत नसतं." मग माझ्याकडे वळून, जरा हळू: "तू बापाच्या फळीवर बस. मी माझ्या रेघेवर होडी धरतो. तो जिथे बघायचा तिथे तू बघ. तुला कळलं तर कळलं."

"आणि नाही कळलं तर?"

"तर परत आणू त्याला. चुलीवरच्या फळीवर ठेवू. फक्त मांजराला ती माती वाटली नाही म्हणजे—" त्याने वाक्य सोडून दिलं. आमच्याकडे मांजर नाही. तो विनोद वडिलांचा होता, आणि त्याच्या तोंडात तो अर्ध्यावर अडकला.



"उभ्या राहणाऱ्या बाईंना आधी शिकवायला हवं," टोरलाइव म्हणाला.

उभा राहणारा म्हणजे पाद्री. तो वर उभा राहून बोलतो म्हणून होडीत त्याचं नाव तसं. टोरलाइवने तो शब्द स्वयंपाकघरात उच्चारला आणि वॉटी ताडकन उठला. "मी हवा बघून येतो," म्हणाला आणि दार ओढून बाहेर जाऊन उभा राहिला. किनाऱ्यावर हे शब्द त्याच्या कानांवर पडणं त्याला परवडणारं नव्हतं.

शिकवायचं काम माझ्यावर आलं. एल्स्पेथला मी महत्त्वाचा शब्द सांगितला, चर्चचा. होडीत चर्चला बेनिहूस म्हणतात, प्रार्थनेचं घर. मी पुस्तकातल्याप्रमाणे प्रत्येक अक्षरावर जोर देत तो म्हणून दाखवला.

दारापलीकडून खोकला आला.

"चुकलं तुझं," टोरलाइव म्हणाला. "पुस्तकातून गाणं येत नाही." आणि त्याने तोच शब्द त्याच्या चालीवर, मधे उंच चढवून आणि शेवटी खाली सोडून, म्हटला.

बाहेरून दुप्पट मोठा खोकला आला.

टोरलाइव दुखावला गेला. "हा शब्द आमचा आहे."

"मी बघू?" एल्स्पेथ म्हणाली. "शेवटी हूस आहे ना? आम्ही ग्लासगोत घराला हूसच म्हणतो. बेनिहूस."

आम्ही थांबलो. बाहेर नुसता वारा होता.

"परत म्हणा," मी म्हणाले.

"बेनिहूस."

खोकला नाही. टोरलाइवने चीजचा मोठा तुकडा कापून तोंडात टाकला, म्हणजे त्याला काही बोलावं लागू नये. पण ते त्याला जमलं नाही. चावता चावताच तो एल्स्पेथला सांगू लागला, की ग्लासगोचे लोक लेकराला बेर्न म्हणतात ते नॉर्वेतल्या बार्नवरून, आणि रडण्याला ग्रीट म्हणतात ते ग्रोतवरून, म्हणजे तीसुद्धा मूळची त्याच्याच गावची. शब्दकोश याबाबतीत इतके ठाम नाहीत. पण वडिलांच्या टेबलाशी बसून टोरलाइवला शब्दकोश दाखवायची माझी इच्छा नव्हती.

तासाभरात होडी पाण्यात होती. ती चार वल्ह्यांची, दोन्ही टोकांना निमुळती, नाव सिन्नी. माझ्या आजीचं नाव. वॉटीने ती सूर्याच्या दिशेने फिरवून घेतली, कारण उलटी फिरवणं म्हणजे घरूनच अपशकुन घेऊन निघणं. वडील माझ्या पायांशी, नळकांड्यात. खाडीच्या तोंडापर्यंत छोटं इंजिन लावलं.

एल्स्पेथ मागच्या टोकाला बसली होती. खाडी उघडली, गाव मागे लहान झालं, उन्हाची एक पट्टी घरांवर पडली.

"अरे वा," ती म्हणाली, "इथून आपलं चर्च किती छान—"

वॉटीने वल्ह्याची लोखंडी खुंटी घट्ट पकडली. "थंड लोखंड," तो म्हणाला. "सगळ्यांनी हात लावा."

आम्ही लावले. मग त्याने होडी वळवली आणि आम्ही परत घरी आलो.

एल्स्पेथचा चेहरा बघवत नव्हता. "ओस्ला, मी इथेच थांबते," ती मला म्हणाली. "माझ्यामुळे राहून जायला नको."

"बसा," वॉटी म्हणाला. "चहा प्या. घरी जाऊन चहा प्यायला की समुद्र विसरतो. गिब्बीने एकदा एका सकाळी तीन वेळा चहा प्यायला होता. तिन्ही वेळा कोणाच्या तरी तोंडातून मांजरच निघालं."

तर आम्ही चहा प्यायलो. वॉटी सावकाश प्याला, समुद्राला विसरायला पुरेसा वेळ देऊन. टोरलाइवला तेवढा धीर नव्हता. तो उतारावरून खाली गेला आणि खुराड्यावर पहार चालवू लागला. सकाळी त्याने छप्पर आणि मागची भिंत काढली होती. आता बाजूच्या दोन भिंती धाडकन आडव्या केल्या. उरलेल्या एका भिंतीच्या दोन फळ्या त्याने उपटल्या आणि तिसरीखाली पहार घातली, तेव्हा वॉटीने बूट चढवले आणि त्याला शीळ घातली.

"उद्या," टोरलाइव पहार तिथेच टाकून धावत येत म्हणाला. "उद्या संपवतो."

आम्ही दुसऱ्यांदा निघालो. एल्स्पेथने तोंडावर मफलर गुंडाळून घेतला होता. खाडीबाहेर आल्यावर वॉटीने इंजिन बंद केलं. इथून पुढे वल्ही. इंजिनाने मासे बुजतात. आज मासे धरायचे नव्हते, पण ते त्याला कोण सांगणार.

वॉटी त्याच्या फळीवर, मी वडिलांच्या. त्यांच्या बसण्याने फळीला खोलगट आकार आला होता आणि मला तो मोठा होत होता. वल्हवणाऱ्याचं तोंड मागे, जमिनीकडे असतं. वॉटीच्या नजरेसमोर एल्स्पेथ होती आणि तिच्या मागे गाव.

"उभ्या राहणाऱ्या बाई," वॉटी म्हणाला. होडीत तो वेगळाच बोलत होता, आवाज खालून, छातीतून येत होता. "जरा डावीकडे सरकता का? तुम्ही बेनिहूसच्या आणि माझ्या मधे येताय."

एल्स्पेथ सरकली. "हे मला आजपर्यंत कोणी तोंडावर सांगितलं नव्हतं," ती मफलरमधून म्हणाली.

टोरलाइव पुढच्या टोकाला हसला. वॉटीही हसला, थोडासा, आणि मला कळलं की त्याने आत्ता आपल्या घराची खूण चौघांत उघड केली आहे. बेनिहूस कशाच्या रेषेत हवं ते त्याने सांगितलं नाही, आणि मी तिकडे बघितलं नाही. मला तेवढं शिकवलेलं होतं.

"धरली," तो म्हणाला. "आता मी या रेघेवरून सरळ बाहेर जातो. थांबायचं कुठे ते तू सांग. तुझा बाप एकच शब्द बोलायचा. 'आलं.' मग मी थांबायचो."

"आणि तुम्ही कधीच बघितलं नाही, ते कुठे बघायचे ते?"

"त्याचं त्याने बघायचं. माझं मी."

आम्ही वल्हवत राहिलो. वडील बाजूला बघत असणार; मागे तर वॉटीचं राज्य होतं. मी उजव्या हाताचा किनारा बघू लागले. उजवा हात, म्हणजे आमच्या घराची बाजू. दीपगृह होतं, डोंगरावरचा दगडांचा ढीग होता, जुन्या मेंढवाड्याची भिंत होती. यातलं काहीही खूण असू शकलं असतं. सगळं सावकाश एकमेकांवरून सरकत होतं आणि कशालाच चेहरा नव्हता. मला वाटलं होतं, मी त्या फळीवर बसले की आतून काहीतरी हलेल. काही हललं नाही. हात दुखू लागले. पश्चिमेकडून पाण्यावर बारीक सुरकुत्या दिसू लागल्या होत्या.

"वारा उठतोय," टोरलाइव हळूच म्हणाला.

"मला नाक आहे," वॉटी म्हणाला.

तो वल्हवत होता, पण आता तो प्रत्येक ओढीला जरा जास्त वेळ घेत होता. मला वेळ मिळावा म्हणून. ते मला असह्य झालं. दीपगृह बघून 'आलं' म्हणून टाकावं, त्याला काय कळणार, असंही क्षणभर वाटलं. पण तो थांबला असता. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून थांबला असता, एकदाही मान न वळवता, जसा तो त्यांच्या शब्दावर थांबायचा. मी तोंड बंद ठेवलं.

आमच्या घरापुढे सीलांचा खडक आहे, लांब, काळा, पाण्याबाहेर पाठ काढून पडलेला. त्याच्या मागून आमचं घर दिसत नव्हतं, उतारसुद्धा नाही. आम्ही आणखी बाहेर गेलो तसं खडकाचं टोक मागे सरकू लागलं. त्याच्या कडेला हिरवं गवत दिसलं. मग आणखी गवत. मग लाल.

एक चिमूट लाल, बोटाच्या नखाएवढं. खडकाच्या काळ्या कडेला चिकटलेलं, मधे दोन फळ्यांची फट असलेलं.

मला काही आठवावं लागलं नाही. दर वसंतात, मासेमारी सुरू व्हायच्या आधी, गुडघ्यांवर बसलेले वडील. एकच भिंत.

"आलं," मी म्हणाले.

वॉटीने वल्ही उचलली. दोन्ही पात्यांवरून पाणी गळत राहिलं. तो वळून बघत नव्हता. त्याने पाण्याकडे, मग डोळे मिटून कुठेच नाही अशा ठिकाणी लक्ष दिलं. प्रवाह होडीला कसा ओढतो ते अंगाने बघत होता.

"हीच," तो म्हणाला. "खालून असाच खेचतो इथे."

वाऱ्यात राख उडू नये म्हणून ती होडीतलं पाणी उपसायच्या लाकडी भांड्यात ओतली. ते भांडं वडिलांनी स्वतः कोरलेलं, मुठीशी त्यांच्या अंगठ्याचा खळगा पडलेलं. एल्स्पेथने उठायला हात टेकवले.

"नावाप्रमाणे वागू नका," वॉटी म्हणाला. "बसून बोला."

ती बसूनच बोलली. छोटीशी प्रार्थना होती. त्यात चर्च नव्हतं, पाद्री नव्हता, मांजर तर नव्हतंच. एका ठिकाणी समुद्र म्हणताना ती अडखळली, माझ्याकडे बघितलं, आणि मी तिला सांगितलेला होडीतला शब्द, दियूब, खोल, तो म्हणाली. वॉटी खोकला नाही.

मी भांडं पाण्यात टेकवलं आणि कलतं केलं. पाणी आत शिरलं आणि त्यांना घेऊन गेलं. राखाडी ढग झाला, खाली गेला, हिरवा झाला. भांडं दोनदा विसळलं. मग ते कुठे ठेवायचं ते मला कळेना म्हणून मी ते मांडीवर घेऊन बसले.



"रडायचं असेल तर रड," वॉटी म्हणाला. "त्याला इथे बंदी नाही."

"त्याला होडीतला वेगळा शब्द आहे का?"

त्याने विचार केला. "नाही. तोच चालतो."

"ग्रीट," एल्स्पेथ म्हणाली.

"ग्रोत," टोरलाइव म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला, आणि त्याने रागाने रुमाल काढला. मग बाकीच्यांनीही, आपापल्या उच्चारात, थोडं थोडं उरकून घेतलं.

परत आल्यावर, होडी ओढून वर घेताना, वॉटी एल्स्पेथला म्हणाला, "उद्या सूप प्यायला ये. दुपारचं उरलेलं असतं. आणि मफलर आण, कोणी सांगावं." ती पाच पावलं पुढे जाऊन थांबली. काहीतरी बदललंय हे तिला कळलं, काय ते कळलं नाही. मी सांगितलं नाही. तिचं तिला सापडलेलं बरं.

शनिवारी सकाळी टोरलाइव पहार शोधत खाली गेला. मी त्याच्या आधी तिथे होते.

"तीन भिंती परत उभ्या कर," मी म्हणाले. "छप्परही. आणि त्या दोन फळ्या जिथल्या तिथे."

तो माझ्याकडे बघत राहिला. "काल मोड म्हणालीस."

"आज बांध म्हणतेय."

"यात कोंबड्या नाहीत, ओस्ला."

"माहीत आहे."

"तू कोंबड्या आणणार आहेस?"

"नाही."

त्याने नॉर्वेजियनमध्ये काहीतरी लांबलचक म्हटलं. निम्मं मला कळलं, आणि उरलेलं तो काय बोलणार ते मला आधीच माहीत होतं. मग तो खिळे आणायला गेला.

शेडमध्ये लाल रंगाचा डबा अर्धा भरलेला होता. झाकणावर वडिलांच्या बोटांचे ठसे. मी समुद्राकडच्या भिंतीपाशी गुडघ्यांवर बसले आणि खालून सुरुवात केली. नव्याने बसवलेल्या फळ्या रंग जास्त पीत होत्या. एक हात देऊन झाला आणि डब्यात अजून पुष्कळ होता, म्हणून मी ब्रश घेऊन वळसा घातला आणि बाजूच्या भिंतीला लावायला गेले.

वॉटी वरच्या रस्त्यावर उभा होता. किती वेळ ते ठाऊक नाही. त्याने हात पाठीमागे बांधले होते आणि मान पूर्ण दुसरीकडे, डोंगराकडे वळवली होती, जणू तिथे एखादी मेंढी कोकरू देत असावी.

"मी काही बघितलं नाही," तो डोंगराला म्हणाला.

"मी काही दाखवलं नाही," मी म्हणाले.

"सोमवारपासून वारा पडेल म्हणतात. आठवडाभर."

"माझी बोट उद्या आहे."

"बोट रोज असते."

 ब्रशवरचा रंग गवतावर ठिबकत होता. तो जायला निघाला, आणि मग, अजूनही डोंगराकडेच बघत, थांबला.

"एकच रंगव," तो म्हणाला. "चारही रंगवल्यास तर लोक विचारतील."